आगोटीची बेगमी आणि १४२/९२

सिस्टरनी बीपीच्या यंत्राचा दंडावरचा पट्टा सोडला, काही न बोलता परत गुंडाळला आणि परत फुगवला. मग माझ्या कार्डावर १४२/९२ लिहिलं आणि त्याखाली लाल पेनाने रेघ मारली.

"चालत आलीस?"

"नाही, रिक्षाने."

"मग लघवीला जाऊन ये आणि तिकडे पाठ टेकून बस. पाय जमिनीला टेकलेले. कोणाशी बोलू नको. परत बघू."

९ जुलै २०२४ चा तो मंगळवार. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, त्याच दिवशी आशाताई मला घेऊन गेल्या होत्या. मला ३१ आठवडे पूर्ण झाले होते, पहिलंच बाळंतपण. सासर कुडाळचं, माहेर मालवणजवळ खाडीकाठी, आणि बाळंतपणासाठी मी जूनच्या शेवटी माहेरी आले होते. दहा मिनिटांनी १४०/९२ आलं. दुपारी, चार तास उलटल्यावर, १४४/९०. लघवीत प्रथिनं नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, वीस आठवड्यांनंतर वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यातला एक जरी चार तासांच्या अंतराने दोनदा भरला तरी ते गरोदरपणातलं बीपी धरतात. त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, बीपी उतरवणारी लॅबेटालॉलची गोळी दिवसातून दोनदा लिहिली, घरी रोज बीपी मोजायला सांगितलं, खारट वस्तू कमी करायला सांगितल्या आणि आठवड्याने बोलावलं.

घरी येऊन मी कार्ड नीट वाचलं. पहिल्या तीन महिन्यांत १०८/७०. आणि जूनच्या मध्यात, सासरकडच्या एका दवाखान्यात, १३६/८८. त्या दिवशी ड्रेसच्या बाहीवरूनच पट्टा बांधला होता, मी बोलत होते, मापणारेही बोलत होते, आणि "सगळं व्यवस्थित" म्हणून मला पाठवलं होतं. आकडा कार्डावर होता, पण मला कोणी तो वाचून दाखवला नाही आणि मीही विचारला नाही. आता कोणाची तपासणी असली की मी आधी विचारते, आकडा किती आला, तो सांग.

संध्याकाळपर्यंत बातमी शेजारी पोचली. काकी आली, पाय दाबून पाहिले आणि म्हणाली, "मीठ सोड गो बाय. ह्यां सगळां मिठानच होतां." आजीचं म्हणणं वेगळं. "पाय सगळ्यांचेच सुजतत. आमका चार पोरां झाली, कोण मापूक इल्लो?" आई दोघींच्या मध्ये उभी, घाबरलेली. तिने स्वयंपाकघरात जाऊन मिठाचा डबाच वरच्या फळीवर ठेवला.

आमच्या घरात बीपी म्हणजे मीठ, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला कारणही आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला, बाजारात ताजं म्हावरं जवळपास नाही. म्हणून मे महिन्यातच आगोट करायची, म्हणजे पावसाच्या तोंडावर चार महिन्यांची बेगमी. आमच्या माळ्यावर आणि फडताळात काय असतं ते सांगते. खारे बांगडे, एकावर एक रचलेले, मधे जाड्या मिठाचे थर. सुकी सुंगटं, गोलमो, म्हणजे वाळवलेली कोळंबी आणि जवळा. भरणीत खारातले आंबे, दुसऱ्या भरणीत मिठातले फणसाचे गरे. सांडगी मिरची. उडदाचे आणि फणसाचे पापड. सोलं, म्हणजे कोकमाची सालं, तीही मिठाच्या रसात बुडवून वाळवलेली. आणि आगळाच्या बाटल्या. आगळ म्हणजे कोकमाचा रस मिठात मुरवलेला. तो टिकतो तो मिठामुळेच. आम्ही त्याची सोलकढी रोज दोन वाट्या पीत होतो आणि वर चवीला पुन्हा मीठ घालत होतो.

सकाळी उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला भाजलेला खारा बांगडा नाहीतर खारातला आंबा. दुपारी सुक्या सुंगटांचं तिखलं. माझं लहानपण या जेवणावर गेलंय. पाऊस कोसळत असताना चुलीत भाजलेल्या बांगड्याचा वास आला की मला घरी आल्यासारखं वाटतं. गरोदरपणात तर दुसरं काही नकोच वाटायचं.

तर मी ठरवलं, मीठ पूर्ण बंद. आणि गोळी घेतली नाही.

हे मी कोणापासून लपवलं नाही, उलट सगळ्यांना पटवून दिलं. पोटात बाळ असताना औषध कशाला, मीठ सोडून उतरत असेल तर आठवडाभर बघू. नवऱ्याने फोनवर विरोध केला. तो गोव्यात नोकरीला, शनिवारी येणार होता. मी म्हटलं, तू येईपर्यंत आकडा खाली आलेला असेल.

तो आठवडा मी अळणी पेज, अळणी भात आणि उकडलेला दुधी खाल्ला. तिसऱ्या दिवसापासून घास फिरायला लागला. मासे नाहीत, डाळ अळणी म्हणून अर्धी टाकायची, अंडं बिनमिठाचं जाईना. मधे खोकला झाला तर आईने ज्येष्ठमधाचा काढा दिला, तो मात्र गोड म्हणून मी दिवसातून तीनदा प्यायले. काकीने सैंधव आणून दिलं, "ह्या चलता" म्हणून. उठताना चक्कर यायची. बीपीचं यंत्र शनिवारी नवऱ्याने आणलं. पहिला आकडा १४८/९६. आम्ही दोघांनी ठरवलं की यंत्रच नवीन आहे, सवय होईल.

मंगळवारी, १६ जुलैला, दवाखान्यात १५२/९८. लघवीत प्रथिनं एक प्लस. वजन आठवड्यात जवळजवळ दोन किलो वाढलेलं, म्हणजे मी काहीही न खाता. ते सगळं पाणी होतं. त्याच दिवशी मला ओरोसला जिल्हा रुग्णालयात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, गोळी किती वाजता घेतेस? मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं. गर्भाशयाची भिंत, तिला चिकटलेली, बाळाला पोसणारी वार, आणि वारेकडे जाणाऱ्या आईच्या रक्तवाहिन्या. "या वाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंद व्हायला हव्यात. काहींच्या नीट होत नाहीत. मग वारेला रक्त कमी पडतं, ती रक्तात असे पदार्थ सोडते की आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. म्हणून बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, यकृताला, मेंदूला त्रास होतो. हे तू खारे बांगडे खाल्लेस म्हणून सुरू झालेलं नाही. आणि बांगडे सोडलेस म्हणून थांबणारही नाही."

मला रडू आलं. आठवडाभर मला आतून वाटत होतं की हे मी खाऊन ओढवून घेतलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून लघवीतून प्रथिनं जाण्याचं हे दुखणं, टाळायला म्हणून गरोदर बाईने मीठ तोडावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक लहान चमचा मीठ खावं, हे सगळ्यांनाच सांगितलेलं आहे आणि ते मलाही लागू. पण अळणी खाऊन उपाशी राहायचं नाही. प्रथिनं लघवीतून जाताहेत म्हणून आणि बाळ वाढतंय म्हणून डाळी, अंडी, मासे व्यवस्थित खायचे. सैंधव म्हणजेही मीठच. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, ते विचारल्याशिवाय आणायचं नाही. ज्येष्ठमध आजपासून बंद, कारण तो जास्त प्रमाणात बीपी चढवतो. (आईचा चेहरा त्या वेळी बघवत नव्हता. तिने तो किती प्रेमाने कुटून उकळला होता.) आणि गोळी वेळेवर, कारण बीपी फार चढलं तर आईच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. गोळी आजार बरा करत नाही, आईला जपते आणि बाळाला पोटात थोडे जास्त दिवस मिळवून देते. बरा होतो तो बाळंतपणानेच.

अजून एक गोष्ट निघाली. कॅल्शियमच्या गोळ्या. चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन मिळत होत्या, पण खडूसारखी चव लागते म्हणून माझी अर्धी पाकिटं तशीच होती. ज्यांच्या जेवणात दूध-दही कमी असतं अशा बायकांना कॅल्शियम दिलं तर या आजाराचा धोका कमी होतो, म्हणून ते देतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी समजत होते हाडांसाठी आहे, नाही घेतलं तरी चालेल. किनाऱ्यावर आम्ही कुठे फार दूध पितो? चहापुरतं. आता घ्यायची पद्धतही शिकले. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोहाची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र नाही.

चार दिवस ठेवून घेतलं. रक्तातल्या प्लेटलेट, यकृत, मूत्रपिंड ठीक निघालं, सोनोग्राफीत बाळाकडचा रक्तप्रवाह ठीक, वजन थोडं कमी. लॅबेटालॉल शंभर मिलिग्रॅम दोनदावरून वाढवून तीनदा केली. हे माझं औषध होतं, माझ्या आकड्यांवर ठरलेलं.

घरी परतल्यावर आईने एक काम केलं. मिठाची नवी एक किलोची पिशवी फोडली आणि तिच्यावर मार्करने तारीख घातली, २१ जुलै. आम्ही घरात पाच माणसं, आई, बाबा, आजी, भाऊ आणि मी. आधीची पिशवी किती दिवस पुरायची ते तिला पक्कं माहीत होतं, कारण भाऊ दर पंधरा दिवसांनी दुकानातून आणायचा. हजार भागिले पाच भागिले पंधरा. माणशी रोज तेरा ग्रॅमच्या वर, आणि भरण्यांतलं, बांगड्यातलं, आगळातलं मीठ वेगळंच. आई कागदाकडे बघत राहिली.

तिने माझ्यासाठी वेगळं अळणी शिजवलं नाही. सगळ्यांचंच बदललं. भातात मीठ नाही, भाकरीच्या पिठात नाही, पेजेत नाही. आमटीत आणि भाजीत एकदाच, चमच्याने मोजून, हाताने नाही. पानात वाढायची मिठाची वाटी गेली. आगळाऐवजी सोलं दोन पाण्यांत धुऊन, तिसऱ्या पाण्यात भिजवून कढी. पहिल्या दिवशी बाबांनी वाटी सरकवून ठेवली. आठवड्याने मागून घेतली, कारण तिने लसूण आणि हिरवी मिरची नारळाबरोबर वाटून घालायला सुरुवात केली होती. आंबट, तिखट आणि नारळाचा गोडवा असेल तर जीभ मीठ फार शोधत नाही, हा माझा त्या दोन महिन्यांचा अनुभव आहे.

ताज्या माशांचा प्रश्न खाडीने सोडवला. भावाचा मित्र पागायला, म्हणजे जाळं टाकून मासे धरायला, जायचा, तो दोन-तीन काळुंदरं देऊन जायचा. मासे नसतील त्या दिवशी कुळथाची पिठी, चवळीची नाहीतर मुगाची उसळ, दोन अंडी. पावसाळी भाज्या दारातच होत्या. टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू. रोज एक नाचणीची भाकरी, संध्याकाळी बिनमिठाचं ताक, एक केळं. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या आणि पेडवे आले. काट्यांसकट खाता येतात असे बारीक, म्हणजे कॅल्शियमही. मोरी, म्हणजे शार्क, आणि मोठी सुरमई मात्र सांगून नको म्हटलं होतं, मोठ्या माशांत पारा साठतो म्हणून.

आणि वही. सकाळी सात, रात्री आठ. पाच मिनिटं शांत बसून, दंड छातीच्या पातळीवर उशीवर टेकून. १३८/८८, १३४/८६, १४०/९०. शेवटच्या पानावर सिस्टरनी लिहून दिलं होतं: न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा ठिणग्या, छातीच्या खाली उजवीकडे दुखणं, धाप, तोंडा-हातांवर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी. यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट बघायची नाही.

१७ ऑगस्टच्या रात्री डोकं दुखायला लागलं. आधी वाटलं पावसाने कोंदट झालंय, लाईट गेली होती, पंखा बंद. बाम लावला. अकरा वाजता आई कंदील घेऊन आली तेव्हा कंदिलाच्या भोवती मला चमकणाऱ्या रेघा दिसल्या, आणि डोळे मिटले तरी त्या होत्याच. यंत्र लावलं. १६६/११२. भावाने १०२ ला फोन केला. गाडी आमच्या पाणंदीपर्यंत येत नाही, तेव्हा भर पावसात खुर्चीवर बसवून मला मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. कट्टा, कसाल, ओरोस. आई माझा हात धरून एकच विचारत होती, "हालता मा बाळ?" हालत होतं.

पोचल्याबरोबर शिरेतून बीपी उतरवायचं औषध, आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. ते शिरेतून जाताना अंगातून ऊन वाहत गेल्यासारखं झालं, घशापर्यंत. मग दोन्ही बाजूंना कुल्ल्यांवर इंजेक्शनं, ती खूप दुखली. लघवीची नळी. सिस्टर दर थोड्या वेळाने गुडघ्यावर छोटा हातोडा मारून पाय उडतो का बघायच्या, श्वास मोजायच्या, पिशवीतली लघवी मोजायच्या. औषध अंगात जास्त साचलं तर आधी गुडघ्याचा झटका जातो, म्हणून. मला धीर आला तो त्या मोजण्यामुळे.

३६ आठवडे होऊन गेले होते, आता थांबण्यात अर्थ नाही असं ठरलं. कळा आणायचा प्रयत्न केला, पण बाळाचे ठोके मधेच खाली जायला लागले तेव्हा सिझेरियन. १८ ऑगस्टला दुपारी मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. दोन दिवस ती काचेच्या पेटीत होती. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. मी खाटेवर पडून असताना भावाने मोबाईलवर मालवणच्या किनाऱ्यावरची गर्दी दाखवली, नारळ समुद्राला सोडताना.

आजी तिसऱ्या दिवशी आली. बाळाला बघून झाल्यावर माझ्याजवळ बसली आणि कधीच न सांगितलेलं बोलली. तिची मोठी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती. डोकं दुखतंय म्हणत होती, मग दिसेना म्हणाली, मग झटके. लोक म्हणाले बाहेरचं लागलंय. देवळात कौल लावायला माणूस पाठवला, तो परत येईपर्यंत ती गेली होती. आजी म्हणाली, "तेचे पाय पण असेच सुजलेले." आणि माझ्या पायांवरून हात फिरवत राहिली. जुलैत "सगळ्यांचेच सुजतत" म्हणाली होती ती हीच आजी. मला वाटतं तेव्हा ती मला नाही, स्वतःलाच सांगत होती.

बाळंतपण झालं की सुटलो असं आम्हाला वाटलं होतं. पाचव्या दिवशी परत १५४/१००. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढतं, म्हणूनच आम्ही लवकर सोडत नाही. अंगावर पाजत असताना चालणाऱ्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. बाळंतिणीच्या जेवणाबद्दल पुन्हा घरात ओढाताण झाली. काकीचे डिंकाचे लाडू आले, ते खाल्ले. सुक्या बांगड्याला आईनेच नाही म्हटलं.

सप्टेंबरच्या शेवटी, सहा आठवड्यांनी, १२२/८०. लघवी स्वच्छ. गोळी बंद झाली. फाईलवर दोन ओळी लिहिल्या आहेत. पुढच्या वेळी बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारून सुरू करायची. आणि दरवर्षी बीपी तपासायचं, कारण एकदा हे झालेल्या बाईला पुढे वयात बीपीचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त राहतो.

यंत्र माहेरीच ठेवलंय. गणपतीत आत्या, काका सगळे आले होते तेव्हा एकेकाने दंड पुढे केला, आणि शेवटी आईनेही. १७०/१००. परत मोजलं, तसंच. वर्षानुवर्षं तिचं डोकं संध्याकाळी दुखायचं आणि ती चुलीच्या धुराला नाव ठेवायची. आता तिचीही गोळी चालू आहे. तिची वही माझ्याच वहीच्या उरलेल्या पानांवर.

या मेमध्ये मी मुलीला घेऊन आगोटीला गेले. खारे बांगडे दरवर्षीच्या निम्मे घातले आहेत, आजीसाठी आणि बाबांच्या हौसेसाठी. फणसाच्या गऱ्यांची भरणी या वेळी भरलीच नाही. सोलं आईने बिनमिठाची वाळवायला घेतली. मीठ नसल्यामुळे त्यांना ऊन जास्त लागतं, म्हणून आठवडाभर आम्ही दोघी आळीपाळीने खळ्यात बसून आभाळाकडे लक्ष ठेवत होतो. सातव्या दिवशी दुपारी ढग आले. मी मुलीला कडेवर घेऊन सुपं आत ओढली. एक सोल तोंडात टाकून आई म्हणाली, "झाली. भर आता."